देश बदलला म्हणजे दशा बदलते काय?



मागच्या एका रविवारी अंबरनाथच्या एका विहारात वंदना आटोपून आम्ही चपला घालत होतो. तोच एक भगिनी हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन पुढे आल्या. पिशवीत मुलाचा पासपोर्ट, आयटीआयचे प्रमाणपत्र, एजंटाने दिलेला एक कागद आणि बदलापूरच्या खोलीची कागदपत्रे होती.

"भाऊ, हे जरा वाचून सांगा. पोरगा आखातात जायचं म्हणतोय. एजंट एक लाख ऐंशी हजार मागतोय. खोली गहाण टाकली तर एक जण शेकडा तीननं द्यायला तयार आहे. टाकू का?"

मुलगा मागे भिंतीला टेकून उभा होता. हाताचा चांगला वेल्डर. सहा वर्षे झाली, एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली काम करतो. महिना सोळा हजार. ना कायम, ना पगारी रजा. आम्ही काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "काका, जाऊ नको म्हणणं सोपं आहे. इथं राहून मी काय करू, ते सांगा."

खरे सांगतो, त्या मुलाला द्यायला आमच्याजवळ लगेच उत्तर नव्हते. "कागद आमच्याकडे राहू द्या, आठ दिवसांनी बोलू," एवढेच म्हणून आम्ही निघालो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. आज आपल्या वस्तीत पाहा, कुणाचा मुलगा दुबईला, कुणाचा जावई कतारला, कुणाची मुलगी शिकायला इंग्लंडला. जे गेले नाहीत ते जाण्याच्या गोष्टी करतात. माणसे देश का सोडतात? आणि सोडल्याने प्रश्न सुटतात काय? या आठवड्यात आपण यावरच बोलू.

त्यासाठी फार लांब जायला नको. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही गावे आज भरली आहेत ती मुख्यतः कुठून तरी निघून आलेल्या माणसांनी.

उल्हासनगरचे पाहा. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. आजही आपण 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' म्हणतो ते त्यामुळेच. १९४७ साली फाळणी झाली, सिंध पाकिस्तानात गेला, आणि तिथले हिंदू घरदार, दुकाने, शेती टाकून कराचीहून बोटीने मुंबईला आले. त्यांपैकी सुमारे एक लाख निर्वासितांना सैनिकांच्या रिकाम्या बराकींत ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. या लोकांनी पापड लाटले, लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटे विकली आणि त्यातून बाजारपेठ उभी केली. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद ऐकला नाही असा माणूस आपल्या भागात सापडणार नाही.

देश सोडून उभे राहता येते, हे आपल्या शेजाऱ्यांनी असे दाखवून दिले. पण त्याच फाळणीची दुसरी एक बाजू आहे. ती आपल्या मुलांना ठाऊक असली पाहिजे.

कराचीहून सगळे निघाले, पण शहराची झाडलोट करणाऱ्या, मैला वाहणाऱ्या अस्पृश्यांना मात्र निघू देईनात. अत्यावश्यक सेवांचा कायदा लावून त्यांना अडवून धरले. कराचीतले भारताचे पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश, जे पुढे महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल झाले, त्यांनी याबद्दल पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांच्याकडे तक्रार केली. ही माणसे गेली तर कराचीचे रस्ते आणि संडास कोण साफ करील, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. श्रीप्रकाश यांनी हा प्रसंग आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. बाबासाहेब तेव्हा भारताचे कायदेमंत्री होते. पाकिस्तानात अडकलेल्या आपल्या बांधवांनी मिळेल त्या मार्गाने भारतात यावे, असे आवाहन त्यांनी केले आणि डिसेंबर १९४७ मध्ये पंडित नेहरूंना पत्र लिहून हा प्रश्न त्यांच्यापुढे मांडला.

म्हणजे देश सोडण्याचा हक्कसुद्धा सर्वांना सारखा नसतो. व्यापाऱ्याला जाऊ देतात, झाडूवाल्याला अडवतात. ज्याच्या घामाची गरज असते, त्याच्या पायात बेडी घालतात. ही गोष्ट मनात ठेवा. आखाताकडे वळल्यावर आपल्याला ती पुन्हा भेटणार आहे.

फाळणीतल्याच आणखी एका माणसाची आठवण ठेवू. बंगालचे जोगेंद्रनाथ मंडल. १९४६ साली बाबासाहेबांना घटना समितीवर बंगालमधून निवडून आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे. त्यांना वाटले, पाकिस्तान या नव्या देशात आपल्या माणसांना न्याय मिळेल. ते तिथले पहिले कायदेमंत्री झाले. पण तिथे आपल्या लोकांवर होणारे अत्याचार थांबवणे त्यांना जमले नाही. ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा देऊन ते कलकत्त्याला परत आले. इथे पुन्हा निवडून येणे त्यांना साधले नाही. १९६८ साली ते वारले. त्यांची निष्ठा खरी होती. पण नवा झेंडा उभारला म्हणजे जुनी वागणूक जाते, असे होत नाही.

आता आपल्याच घराकडे पाहू. आपण तरी इथले मूळचे कुठे? कुणाचे आजोबा कोकणातून गिरणीत आले, कुणाचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत लागले, कुणी अंबरनाथच्या विमको आगपेटीच्या कारखान्यात. हा कारखाना आज बंद आहे, नाक्याला मात्र त्याचे नाव राहिले आहे. १९७२ च्या दुष्काळाने कितीतरी कुटुंबे मराठवाड्यातून मुंबई-ठाण्याकडे आली. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगावी आपली घरे जाळली गेली, तेव्हा आणखी आली. मुंबईत खोली परवडेना म्हणून लोक पुढे पुढे सरकत बदलापूरपर्यंत पोचले. २००१ साली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, ती २०११ साली १ लाख ७४ हजारांवर गेली.

यातल्या कित्येकांनी गाव सोडले ते केवळ पोटासाठी सोडले नाही. गावची येसकरकी नको होती, मेलेले ढोर ओढणे नको होते, पाटलापुढे वाकणे नको होते. बाबासाहेबांनीही गावाचे गोडवे कधी गायले नाहीत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याला घटनेचा पाया मानण्यास स्पष्ट नकार दिला. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, तीही गावाच्या जाचातून बाहेर पडण्यासाठीच. तेव्हा 'आपली माती सोडू नये' हा उपदेश आम्हांला कुणी करू नये. ज्या मातीत आपल्याला पाणी मिळाले नाही ती सोडली, यात लाज कसली?

पण गाव सोडल्याने सगळे सुटले काय? मुंबईच्या गिरणीत आपला माणूस शिरला, पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात त्याला घेत नसत. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, अस्पृश्याच्या तोंडचे सूत इतरांना विटाळ! यंत्र विलायतेचे, विटाळ मात्र गावचा. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. जात गावातून शहरात आली ती गाडीतून, आपल्याच शेजारच्या बाकावर बसून. आजही खोली भाड्याने घ्यायला जा, आधी आडनाव विचारतात.

तरीही आपल्या आजोबांना विचारा, शहरात येऊन चुकलात काय? ते 'नाही' म्हणतील. कारण शहरात मुलांना शाळा मिळाली, संघटना करता आली, मोर्चा काढता आला, विहार बांधता आला. शहराने आयते काही दिले नाही, पण लढायला जागा दिली. निघून जाण्याचा खरा लाभ हा आहे, असे आम्हांला वाटते.

आता समुद्रापलीकडे जाऊ. त्या बाबतीत आपल्यापुढे पहिले उदाहरण खुद्द बाबासाहेबांचे आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे ते कुणाबरोबरही बसत, जेवत, वाद घालत. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी लिहिले की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. १९१७ साली ते परतले, करारानुसार बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर काढले. एवढा शिकलेला माणूस त्या दिवशी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

त्या आठवणींचे नावच पाहा. व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरण्याची परवानगी. बाबासाहेबांना मात्र ती आपल्याच देशात मागावी लागत होती! मग ते कायमचे परदेशी का गेले नाहीत? विद्वत्ता अशी होती की कुठलेही विद्यापीठ त्यांना मानाने ठेवून घेते. १९२० साली ते पुन्हा इंग्लंडला गेलेसुद्धा. जवळची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांवर त्यांनी शिक्षण पुरे केले. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते राहत, ते २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आहे. पण १९२३ साली ते परत आले आणि १९२७ साली महाडच्या तळ्यावर उभे राहिले. एकट्याची सुटका ही त्यांच्या लेखी सुटका नव्हती.

आणि घरच्या पानावर लिहिताना आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जो जातो त्याचे नाव होते, जी मागे राहते तिचे होत नाही. बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयात अर्धपोटी बसले होते, तेव्हा रमाई परळच्या चाळीत संसार ओढत होत्या. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे अशी एक आई किंवा पत्नी असते. तिचा हिशोब कुणी मांडत नाही.

आता आमचा तो वेल्डर म्हणेल, "बाबासाहेबांची गोष्ट निराळी काका, मी कामगार माणूस." बरे, कामगाराचे उदाहरण घेऊ. पंजाबातले मंगू राम चांभार कुटुंबातले. १९०९ साली अमेरिकेला गेले, कॅलिफोर्नियात मळ्यांतून फळे तोडली, गदर पक्षात शिरले. तिथे माणसासारखे जगल्यावर त्यांना आपल्या गावचा विटाळ आणखी टोचू लागला. १९२५ साली ते परतले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी 'आद धर्म' चळवळ उभी केली. त्यांनी परदेशातून सोन्याची साखळी आणली की नाही, आम्हांला ठाऊक नाही. ताठ मान मात्र आणली.

पण मंगू रामांच्या काळी अमेरिकेत भारतीय थोडे होते. पुढे लाखो गेले आणि आपल्याबरोबर जातही घेऊन गेले. हे होणार, असे शंभर वर्षांपूर्वीच सांगितले गेले होते. पुढे मराठी ज्ञानकोश रचणारे श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी जातीवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात म्हटले होते की हिंदू लोक जगभर पसरले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात जातिसंस्थेवरचा निबंध वाचताना तरुण भीमरावांनी केतकरांच्या या इशाऱ्याचा आवर्जून उल्लेख केला. आज काय दिसते? जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या एका खात्याने सिस्को या कंपनीवर खटला भरला. एका दलित अभियंत्याला त्याच्या भारतीय वरिष्ठांनी जातीवरून वेगळे वागवले, अशी तक्रार होती. कंपनीने ती नाकारली आणि २०२३ साली त्या दोन वरिष्ठांवरचे आरोप मागे घेतले गेले. पण त्या खटल्याने झाकलेली गोष्ट उघड्यावर आली. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल नगरपरिषदेने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसाच कायदा केला, पण राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये त्यावर सही करण्यास नकार दिला.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, विमानात बसले म्हणून जात विमानतळावर राहत नाही. दोन, तिथेही जे थोडेफार मिळाले ते आपल्या लोकांनी संघटित होऊन मागितले म्हणून मिळाले. अमेरिकेतल्या आंबेडकरी बांधवांनी १४ ऑक्टोबर २०२३ रोजी मेरीलँड राज्यात बाबासाहेबांचा एकोणीस फुटी पुतळा उभा केला. ते तिथे एकेकटे राहिले असते तर हे झाले नसते.

हे झाले शिकलेल्यांचे. आपल्या वस्तीतले बहुतेक जातात ते आखातात. तिथे सुमारे ९० लाख भारतीय आहेत. त्यांच्या कष्टाने इथे घरे उभी राहिली, मुली शिकल्या, हे मान्यच केले पाहिजे. पण तिथे 'कफाला' नावाची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. ज्या मालकाने बोलावले त्याच्या मर्जीशिवाय नोकरी सोडता येत नाही, आणि कित्येक ठिकाणी पासपोर्टही त्याच्याच कपाटात. कराचीच्या झाडूवाल्याची आठवण ठेवा म्हटले होते, ती यासाठी. कतारसारख्या काही देशांनी अलीकडे नियम सैल केले, पण कामगाराचा अनुभव मालकागणिक बदलतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला, तेव्हा पावणेदोन लाखांच्या घरात भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. होते नव्हते ते तिथेच राहिले. १२ जून २०२४ रोजी कुवेतमध्येच कामगारांच्या इमारतीला आग लागली. मृतांत चाळीसहून अधिक भारतीय होते. दाटीवाटीची खोली इथेही आहे, पण इथे निदान शेजारी धावून येतो. आणि चोरवाटेने अमेरिकेला गेलेल्यांचे काय झाले? ५ फेब्रुवारी २०२५ रोजी हातापायांत बेड्या घालून लष्करी विमानाने १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते.

आता त्या पिशवीकडे वळू. आम्ही कागद घेऊन बसलो आणि हिशोब मांडला. तो इथे देतो, कारण तो पुष्कळ घरांच्या उपयोगाचा आहे.

एजंट सांगतो, पगार महिना पस्तीस हजार. त्यातून जेवणखाण आठ हजार गेले. एक लाख ऐंशी हजारांवर शेकडा तीनने व्याज महिना पाच हजार चारशे. राहिले एकवीस हजार सहाशे. घराला त्याच्या सोळा हजारांची सवय आहे, ते पाठवावेच लागणार. राहिले पाच हजार सहाशे. मुलगा घरी नसल्याने घरचे तीन हजार वाचतात ते धरू. झाले आठ हजार सहाशे. दोन वर्षांत दोन लाख सहा हजार चारशे. मुद्दल एकरकमी फेडायचे, ते एक लाख ऐंशी हजार वजा करा. उरले सव्वीस हजार चारशे रुपये! दोन वर्षे उन्हात राबून, खोली टांगणीला लावून, हातात सव्वीस हजार. आणि एखादा महिना आजारपणात गेला किंवा पगार थकला तर तेही नाहीत.

आता दुसरा हिशोब. कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या एजंटाला घेता येतात जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे पस्तीस हजार चारशे. एवढेच कर्ज त्याच व्याजाने काढले तर दोन वर्षांनी मुद्दल फेडून हातात उरतात सुमारे पावणेतीन लाख. काम तेच, ऊन तेच, पगार तोच. फरक एजंटाचा! देश सोडल्याने दशा बदलते की नाही, हे कित्येकदा देश ठरवत नाही, जाण्याची वाट ठरवते.

म्हणून ज्यांना जायचे आहे त्यांनी एवढे तरी पाहावे. एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असली पाहिजे. त्याचा नोंदणी क्रमांक 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो, विहारातला कुणीही शिकलेला मुलगा मोबाईलवर पाहून देईल. व्हिसा नोकरीचाच हवा, भेटीचा नव्हे. भेटीच्या व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा ठरतो आणि मग तक्रारही करता येत नाही. पगार, कामाचे तास, राहण्याची सोय आणि परतीचे तिकीट हे करारात लिहिलेले हवे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर शिक्का असतो आणि आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना त्यांना सरकारी परवानगी घ्यावी लागते. पुष्कळांना ती कटकट वाटते, पण तीच त्यांची ढाल आहे. त्याच वेळी अल्प रकमेत दहा लाखांचा विमाही निघतो. आमचा वेल्डर दहावी झालेला, त्याला ही परवानगी लागत नाही. म्हणून त्याने तर दुप्पट सावध राहिले पाहिजे. कागदांच्या प्रती घरी ठेवा. आणि राहती खोली गहाण टाकून कुणी जाऊ नये. परतायला दार राहिले पाहिजे.

ज्यांची मुले शिकत आहेत त्यांनी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ध्यानात ठेवावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७५ जागा असतात. साडेअकरा पौंडांनी काय घडले ते आपण पाहिलेच आहे.

शेवटी एक विचार. देशत्याग आपल्याला नवा नाही. आपला शास्ताच देश सोडून निघाला होता. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ते नीट समजावून दिले आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांचे भांडण पेटले. संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला. घरच्यांवर बहिष्कार आणि जप्ती येऊ नये म्हणून त्याने स्वतःहून देशत्याग पत्करला. तो रात्री चोरून गेला नाही. आई-वडिलांना आणि यशोधरेला सांगून, त्यांची समजूत घालून गेला. पुढे बातमी आली की शाक्य-कोलियांचा समेट झाला. आता परत जायला हरकत नव्हती. पण सिद्धार्थाने विचार केला की हे एक भांडण मिटले, भांडणाचे मूळ कुठे मिटले? माणसामाणसांतला, वर्गावर्गांतला कलह तर सगळीकडे आहे. त्याचे मूळ शोधायला तो पुढे चालत राहिला, आणि ते सापडल्यावर कपिलवस्तूला येऊन आपल्या माणसांनाही सांगितले.

आम्हांला यातून कळते ते असे. निघून जाण्यात पळपुटेपणा नाही. पोटासाठी जावे, मानासाठी जावे, शिकायला जावे. पण जाताना विचारावे की आपण ज्याला कंटाळून निघालो ते तिथेही भेटले तर आपल्या हातात काय आहे? विद्या आहे? कायद्याचा कागद आहे? चार आपली माणसे आहेत? हे असेल तर कुठल्याही देशात उभे राहता येते. नसेल तर बदलापूर सोडून दुबई गाठली तरी माणूस ठेकेदाराचाच राहतो.

आठ दिवसांनी मायलेक आले. एजंटाच्या कागदावर नोंदणी क्रमांक नव्हता. विहारातल्या एका मुलाने शोधले, तर त्या नावाचा नोंदणीकृत एजंट सापडला नाही. व्हिसा भेटीचा होता. आम्ही दोन्ही हिशोब मुलापुढे ठेवले. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, मी जाणार. पण असा नाही." आईने खोलीचे कागद पिशवीत घातले आणि पिशवीला गाठ मारली. आता नोंदणी असलेल्या एका एजंटाकडे त्याने अर्ज केला आहे, वेल्डिंगची चाचणी व्हायची आहे. निवड झाली तर आम्ही त्याला निरोप द्यायला जाऊ.

आपल्यापैकी जे परदेशी राबून परत आले आहेत, त्यांनी आपला बरावाईट अनुभव आम्हांला जरूर लिहून पाठवावा. शुद्धलेखनाची चिंता करू नये. एखाद्या आईची खोली त्यामुळे वाचेल.

जयभीम! नमो बुद्धाय!